विहीणबाईंची सीट

प्रभाकर केतकरांनी गाडीची पुढची डावी सीट काढली ती रुखवताच्या मांडणीसाठी, आणि तिथेच घात झाला. मांडणी उल्हासनगरहून डोंबिवलीला सुखरूप आली. सीट परत बसवताना मात्र पुढचा एक बोल्ट तिरका गेला. तिरका गेलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचा असतो. पण प्रभाकरराव निवृत्त अधिकारी. माघार त्यांच्या स्वभावात नव्हती. त्यांनी पान्यावर सगळा भार टाकला. आतून कट्‌कन आवाज आला आणि बोल्ट नुसताच गोल फिरू लागला. मग त्यांनी तितक्याच निष्ठेने पुढचा दुसरा बोल्टही पिळला.

गॅरेजवाल्या परशुरामने बॅटरी मारून आत पाहिलं आणि मान हलवली. "काका, दोन्हीकडचे आटे मेलेत. नवीन आटे पाडायला लागतील. गाडी ठेवून जावा, संध्याकाळी देतो."

संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. होणाऱ्या जावयाचं, साकेतचं, दुपारी केळवण होतं. साकेत परस्पर येणार होता. त्याच्या आईला, सुहासिनीबाईंना, कोलशेतहून आणायचं होतं. आणि सुहासिनीबाई आधीच दुखावलेल्या होत्या. साखरपुड्यात घाईगर्दीत त्यांच्या आधी त्यांच्या जाऊबाईंची ओटी भरली गेली होती. तेव्हापासून त्या फोनवर फक्त "बरं" म्हणत. आज पुन्हा काही कमीजास्त झालं, तर ते वल्लरीला जन्मभर ऐकावं लागणार, अशी प्रभाकररावांना भीती होती. एकुलती एक लेक होती.

"त्यांना मागे बसवू या ना," त्यांच्या पत्नी शीलाताई म्हणाल्या.

"विहिणीला मागे? शुद्धीवर आहेस ना?"

"मग भाड्याची गाडी करू."

"म्हणजे बघायलाच नको. म्हणतील, घरची गाडी असून आम्हाला भाड्याच्या गाडीतून नेलं."

प्रभाकररावांनी नळाला गुंडाळायची पांढरी टेप काढली आणि दोन्ही बोल्टांना शांतपणे वेढे दिले.

"अहो, ही नळाची ना?"

"नळ गळायचा थांबला की नाही?"

तो थांबला होता. बोल्टही घट्ट बसल्यासारखे वाटले. तरी खबरदारी म्हणून शीलाताईंनी त्या सीटच्या बरोबर मागे बसावं आणि वाटभर गुडघ्यांनी तिला आधार द्यावा, असं ठरलं.

सुहासिनीबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या ताठ बसल्या, मांडीवर पर्स ठेवली आणि समोर पाहू लागल्या. माजिवड्याच्या पुलावर सीट थोडी कुरकुरली. शीलाताईंनी गुडघे रोवले. मुंब्रा बायपासच्या चढावर पुढचा ट्रक थांबला, गाडी थांबली, आणि पुन्हा निघताना हिसका बसला. टेप नळाच्या कामाची होती. सीटचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले आणि सुहासिनीबाई पर्ससकट सावकाश मागे कलंडल्या. शीलाताईंनी गुडघे बाजूला केले म्हणून बरं, नाहीतर लागलं असतं. विहीणबाईंचं डोकं अलगद त्यांच्या मांडीवर आलं.

सगळं संपलं, असं प्रभाकररावांना वाटलं.

"शीलाताई," छताकडे बघत सुहासिनीबाई म्हणाल्या, "मसालेभातात काजू घातलेत का?"

"हो, घातलेत."

"छान."

आता शिळफाट्यापर्यंत गाड्यांची रांग होती. शीलाताईंनी नकळत विहिणीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"उठवू का तुम्हाला?"

"राहू दे हो. आई गेल्यापासून माझं डोकं असं कुणी मांडीवर घेतलं नव्हतं." त्यांनी पर्स पोटाशी सावरली. "साखरपुड्याला मी उगाच फुगले. मनातून घाबरलेय. साकेत आता आपला राहील का, असं वाटतं."

"तुमच्याकडे निदान माणूस वाढणार आहे," शीलाताई म्हणाल्या. "आमच्याकडची खोली रिकामी होणार." आणि त्यांना रडू आलं. मग दोघीही रडल्या. प्रभाकररावांनी आरसा वर फिरवला आणि रस्त्याकडे पाहिलं.

केळवण इतकं उत्तम झालं, की प्रभाकररावांना सीटची शरम वाटू लागली. अशा माणसाला असल्या सीटवर बसवलं! दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी परशुरामकडे टाकली. त्याने नवीन आटे पाडले, जाड बोल्ट घातले. "आता हत्ती बसवा काका," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी वरमाईला कार्यालयात आणायला तीच गाडी गेली. सुहासिनीबाई शालू सावरत पुढे बसल्या, शीलाताई मागे. माजिवड्याच्या पुलावर त्यांनी पाठ मागे रेटली. सीट हलली नाही. बायपासच्या चढावर त्यांनी जोर लावून रेटली.

"हिला काय झालं?"

"दुरुस्त करून घेतली," प्रभाकरराव अभिमानाने म्हणाले.

"बरं," सुहासिनीबाई म्हणाल्या.

ते "बरं" प्रभाकररावांना पक्कं ओळखीचं होतं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, डिकीतून पाना काढला आणि फेट्यासकट विहिणीच्या पायाशी गुडघे टेकून बोल्ट सोडवू लागले. बोल्ट तसूभरही हलेना. शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याने वेग कमी केला. "काका, मुलीचे बाप असलात म्हणून एवढं वाकायचं नसतं हो!" तो कळकळीने ओरडला.

सुहासिनीबाई क्षणभर व्याह्यांच्या फेट्याकडे बघत राहिल्या. मग खाली उतरल्या आणि मागचं दार उघडलं.

"शीलाताई, सरका जरा."

कार्यालयाच्या दारात सनई लागली. पंचारती घेऊन बायका पुढे झाल्या आणि कुणीतरी लगबगीने गाडीचं पुढचं दार उघडलं. सीट रिकामी होती.

"अगं बाई! वरमाई कुठायत?"

प्रभाकररावांनी मागे बोट दाखवलं. "हळू बोला," ते म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."