तिले इचारलं काय?

आमचे शेजारी नाना तुळशीची पाने खुडण्यापूर्वी तिची अनुज्ञा घेत. यात नवल नाही. तो आपला आचारच आहे. परंतु नाना गाईला विचारल्यावाचून धारेला बसत नसत, आणि लिंबाच्या सावलीत टेकण्यापूर्वी लिंबालाही विचारीत. त्यांच्या डबीतली सुपारी कोणी परस्पर उचलली, की प्रश्न ठरलेला : "इचारलं काय?"

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते त्या काळी मी बुलढाण्यास संस्कृत शिकवीत असे. दुसरबीडला माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या; लेकीची तसबीर उशाशी असावी, एवढीच त्यांची इच्छा. म्हणून पत्नीचा फोटो काढविला. पंधरा दिवसांनी कळले, की फोटोवाल्याने त्याची दुसरी प्रत काढून, गालांना गुलाबी रंग देऊन, ती दुकानाच्या दर्शनी काचेत मांडली आहे. आठवडी बाजाराला आलेले गाडीवान बैल थांबवून पाहत. पत्नीने राममंदिरात जाणेच सोडले.

मी दुकानात जाऊन परस्त्रीविषयीच्या मर्यादेवर सविस्तर बोललो, तीन श्लोकही म्हटले. फोटोवाल्याने ते हात जोडून ऐकले आणि, नमुना दिसल्यावाचून गिऱ्हाईक येत नाही, असे सांगून माझाही एक फोटो काढू का, म्हणून विचारले. मी परतलो.

मग नाना गेले. भर हिवाळ्यात छत्री उघडून त्या काचेपुढे उभे राहिले, ते तीन दिवस. कोणी मोडक्या छत्र्या दुरुस्तीसाठी घेऊन आले. त्यांना नानांनी आदराने पुढचा रस्ता दाखविला. शेवटी फोटोवाला काकुळतीला आला.

"नाना, काऊन माह्या धंद्यावर उठले? काच माही, कागद माहा."

"अन् चेहरा कोनाचा? तिले इचारलं काय?"

चौथ्या दिवशी त्याने तसबीर काढली, आणि जिच्यावरून प्रती निघतात ती मूळ काचही दिली. नानांनी दोन्ही उपरण्यात गुंडाळून आणल्या आणि तोंड फिरवून माझ्या पत्नीपुढे धरल्या.

"सूनबाई, म्या पाह्यलं नाही."

त्या सायंकाळी ती मंदिरात गेली. तिने दिलेला प्रसाद घेऊन मी नानांकडे गेलो. देवघराशेजारी एक तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगलेली होती. विचारावे की नाही, अशा संकोचात मी विचारले.

ती काकूंची, नानांच्या पत्नीची, होती. त्या हसत असता मेव्हण्याने नकळत टिपलेली. काकू रागावल्या होत्या. पाहू नका, म्हणाल्या होत्या. महिन्याभरात तापाने गेल्या. त्यांची दुसरी तसबीर नाही.

"रोज सकाळी इचारतो," नाना म्हणाले, "पाहू काय म्हनून."

मी हलकेच म्हणालो, "नाना, उत्तर तर तुळसही देत नाही."

त्यांनी उपरण्याच्या टोकाने तसबिरीची धूळ पुसली, मागच्याच बाजूने.

"तुळस कधी नाही म्हनली नव्हती, शास्त्रीबुवा."