मग वास कशाला घेतला?

"एक पेला. सगळ्यांच्या देखत फक्त एक पेला पाणी प्यायचं, की अफवा जागच्या जागी खलास!" पाणीसाहेब सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला म्हणाले. आरशातल्या माणसाला ते पूर्णपणे पटलं. दुर्दैवाने त्या दिवशी त्यांचं म्हणणं पटलेला तो एकटाच निघाला.

पाणीसाहेब शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासायचे, म्हणून शेजारपाजारच्यांनी त्यांना हे नाव दिलेलं. केंद्रात दर तासाला नमुना यायचा. तो उजेडात धरायचा, गोल फिरवायचा, नाकाशी न्यायचा आणि मग जिभेवर घ्यायचा. उभा जन्म यात गेल्यामुळे नाकाला विचारल्याशिवाय पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नसे. सासुरवाडीला पहिल्यांदा गेले तेव्हाही समोर आलेल्या पेल्याचा त्यांनी वास घेतला होता, आणि सासूबाईंनी ते अजून मनातून काढलेलं नाही.

अफवा होती ती अशी. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर एक निरोप येऊन पडला, की टाकीच्या पाण्यात कसलंसं रसायन मिसळलंय. ते प्यायलं की माणसाची स्मरणशक्ती जाते. उकळूनही उपयोग नाही. वरचे लोक लपवतायत, तेव्हा आपल्या माणसांना लगेच कळवा.

आता काहीच विसरत नाही असा माणूस आणायचा कुठून? त्याच दिवशी दुपारपर्यंत अख्ख्या इमारतीत पुरावेच पुरावे झाले. तळमजल्यावरच्या शिंप्याने एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं दूध उतू गेलं होतं. दूध त्यांचं आठवड्यातून दोनदा उतू जायचंच, पण आता त्याला कारण मिळालं.

हे सगळं पाणीसाहेबांनी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या आईने पाणी सोडलं होतं. आईला मूतखडा. डॉक्टरांनी बजावलेलं, की दिवसभर तांब्या हातातून सुटता कामा नये. आणि ही बाई कपाटातली विकतची एक बाटली उशाशी घेऊन बसलेली, तहान लागली की त्या बाटलीच्या झाकणात ओतून औषधासारखं घोटभर घ्यायची. दुकानांतल्या बाटल्या तर कालच संपल्या होत्या.

"आई, पाणी मी स्वतः तपासतो. माझ्यावर तरी विश्वास ठेव."

"तू? शाळेत जातो म्हणून सांगून तळ्यावर पोहायला गेला होतास."

"अगं, मी तेव्हा दहा वर्षांचा होतो!"

"काल माझा चष्मा सापडत नव्हता. शेवटी डोक्यावरच निघाला."

"तो तुला कधीच सापडत नाही."

"पाणी तरी कधीपासून हेच पितेय मी?" आई म्हणाली, आणि झाकण लावून मोकळी झाली.

म्हणून तो एक पेला. पाणीसाहेबांनी इमारतीतल्या सगळ्यांना अंगणातल्या नळापाशी जमवलं. शिंपी आला, काकू आल्या, जिन्यात उभ्या राहणाऱ्या झाडून सगळ्या मंडळींनी आपापले फोन उंच धरले. साहेबांनी नळ सोडला, पेला भरला, छोटंसं भाषण केलं. मग पेला उजेडात धरला. गोल फिरवला. आणि नाकाशी नेला.

उंच धरलेले फोन एकदम पुढे सरसावले.

साहेब घटाघटा प्यायले, तोंड पुसलं आणि विजयी मुद्रेने सगळीकडे पाहिलं. टाळ्या काही वाजल्या नाहीत.

"साहेब," शिंपी हळूच म्हणाला, "पाणी चांगलं आहे ना?"

"एकदम चांगलं."

"मग वास कशाला घेतला?"

"सवय आहे हो ती."

"म्हणजे रोजच घ्यावा लागतो?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. कामावर जायला उशीर होतोय म्हणून ते घाईघाईने स्कूटरकडे निघाले, आणि किल्ली सापडेना. त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही चाचपले, पुन्हा शर्टाचा चाचपला. किल्ली स्कूटरलाच लटकत होती. मागे कुणीतरी आवंढा गिळल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू आलं.

ते केंद्रावर पोचायच्या आत ती चित्रफीत पोचली होती. खाली ओळ होती: 'पाणी खात्याचाच माणूस आधी वास घेतो, आणि प्यायल्यावर पाहा काय होतं.' त्यांच्या वरिष्ठांनी ती दोनदा पाहिली, चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी मग केंद्राच्या फाटकावर पाटी लावली: 'पाणी पूर्णपणे सुरक्षित आहे.' लोक थांबून थांबून वाचू लागले. "काही नसतं तर पाटी कशाला लावली असती?" तासाभरात त्यांनी ती काढली. तेव्हा लोक म्हणाले, "बघा, खोटं लिहायची त्यांनाच लाज वाटली!" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्यांची गत झाली.

संध्याकाळी घरी आले तर आई कुशीवर वळून पडलेली. ओठ कोरडे, हात पोटावर. बायको दाराशीच डॉक्टरांशी फोनवर बोलत होती. तिने फोन खाली ठेवला आणि दबक्या आवाजात सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, तासा-दोन तासांत पोटात भरपूर पाणी गेलं नाही तर दवाखान्यात हलवायचं. या वयात मूत्रपिंडावर येऊ शकतं म्हणाले."

पलंगाच्या कडेला बसून पाणीसाहेबांनी आईचा हात हातात घेतला. तो वाळक्या पानासारखा हलका लागला.

"आई, दोन घोट घे गं. माझ्यासाठी."

आईने मान हलवली. "माझी ताई आठवते तुला? शेवटी शेवटी मी भेटायला गेले, तर मलाच म्हणाली, बाई, तुम्ही कोण? तहानेने गेले तरी चालेल मला. पण तुला ओळखलं नाही, असं नको व्हायला."

दिवसभर साहेब आकडे सांगत होते, अहवाल दाखवत होते, आणि आईचा प्रश्न पाण्याचा नव्हताच मुळी. जी भीती तिच्या पोटात कधीची बसून होती, तिच्याच नावाने तो निरोप आला होता. मग तिने तो खोटा कसा मानावा? साहेबांनी तिचा हात हळूच खाली ठेवला. आणि त्यानंतर, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी जाणूनबुजून पाण्याबद्दल खोटं बोलायचं ठरवलं.

ते जिना चढून काकूंकडे गेले. दार लोटून घेतलं. आवाज खाली आणला.

"काकू, तुम्ही म्हणून सांगतो. रसायन आहे."

"मला माहीतच होतं!"

"पण त्याने स्मरणशक्ती जात नाही. वाढते. आमचे वरचे लोक कॅन भरभरून घरी नेतायत, मुलांच्या परीक्षा आहेत ना! सगळ्यांना पुरायचं नाही म्हणून तो निरोप त्यांनीच सोडला. कुणाला बोलू नका, माझी नोकरी जाईल."

"माझ्या तोंडून ब्र निघणार नाही," काकू म्हणाल्या. साहेब चार पायऱ्या उतरले नसतील, तोवर त्यांच्या घरातून फोन लावल्याचा आवाज आला.

थोड्याच वेळात अंगणातल्या नळाला रांग लागली. बादल्या आल्या, कॅन आले, शिंप्याने तर मोठं पातेलं आणलं. सकाळी पेल्याला घाबरलेली माणसं आता नंबरावरून भांडत होती. आणि आईचा फोन वाजला. आईने कानाला लावला, "हो? काय सांगतेस!" म्हणाली आणि ताडकन उठून बसली.

"सूनबाई, तांब्या आण. भरून आण."

एक पेला गेला. दुसराही गेला. ओठांना ओल आली. पाणीसाहेब दाराला टेकून उभे होते, आणि त्यांना हुंदका आवरेना.

"आई, बरं वाटतंय?"

"बरं? मला सगळं आठवतंय! लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ही मला काय म्हणाली होती, तेसुद्धा आठवतंय." सुनेने नवऱ्याकडे असं पाहिलं की आधीची अफवा परवडली. "पण एवढी मोठी गोष्ट तू नाही सांगितलीस मला. त्या काकूंमुळे कळलं. बस, तूही पी."

आईने तिसरा पेला स्वतःसाठी भरला, चौथा मुलाच्या हातात दिला. दिवसभराच्या धावपळीने साहेबांचा घसाही सुकला होता. त्यांनी पेला घेतला, दिव्याच्या उजेडात धरला, गोल फिरवला, आणि नाकाशी नेला.

आईचा पेला ओठांपाशीच थांबला.

"चांगलं आहे ना रे?"

"चांगलं आहे आई!"

"मग वास कशाला घेतलास?"

आता नाक म्हणून मध्ये येऊच द्यायचं नाही, असं ठरवून साहेबांनी डाव्या हाताच्या चिमटीत नाक घट्ट दाबलं, डोळे मिटले आणि अख्खा पेला एका दमात रिकामा केला. मग तसाच, नाक दाबूनच, आणखी एक. डोळे उघडले तेव्हा दारात काकू उभ्या होत्या. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात फोन. फोन साहेबांकडे रोखलेला.

"अहो काकू, तसं नाही ते," साहेब नाक सोडून म्हणाले.

काकूंनी कॅन दारातच ओतून रिकामा केला, त्याला झाकण लावलं आणि फोनवर अंगठा चालवत जिना चढून गेल्या.

मागून आईचा आवाज आला, "सूनबाई, अगं, ते माझ्या बाटलीचं झाकण कुठं ठेवलं मी?"