अकराव्या विषयाला सगळे उभे

राष्ट्रगीत सभेच्या सुरुवातीला वाजवायचं की शेवटी, यावर नगरपरिषदेत दोन तास रण माजलं होतं, आणि चिटणीसबाईंचा जीव अडकला होता तो विषयपत्रिकेतल्या अकराव्या विषयात. 'दुसऱ्या मजल्यावर महिला कर्मचाऱ्यांसाठी स्वच्छतागृह.' हा विषय आजवर नऊ वेळा पुढच्या सभेवर ढकलला गेला होता. इमारतीतल्या चौदा बायका वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून समोरच्या बँकेत जात होत्या, आणि ती बँक येत्या सोमवारी जागा बदलणार होती.

"सुरुवातीलाच!" वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "देश आधी, गटारं नंतर!"

"सुरुवातीला तुम्ही असता कुठे?" टायरच्या दुकानाचे मालक, म्हणजे टायरशेठ, म्हणाले. "येता साडेअकराला. तुमच्यासाठी काय परत वाजवायचं?"

"आणि शेवटी तुम्ही असता? चहा पोटात गेला की तुमची गाडी सुरू. आवाज इथपर्यंत येतो!"

पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत होते. हजेरीपुस्तक बाईंकडेच असायचं. सतरा सदस्यांत वेळेवर येणारे सहा, शेवटपर्यंत बसणारे चार, आणि दोन्हींत मोडणारे एकच आजोबा, तेही झोपलेले.

अखेर अध्यक्षांनी हात वर केला. ते निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. "मग मधेच वाजवा. केव्हा, ते आधी सांगायचं नाही. म्हणजे उशिरा येणारेही वेळेवर येतील आणि पळणारेही बसून राहतील. वर्गात मी हेच करायचो."

"पण केव्हा ते ठरवणार कोण?" दोन्ही बाजूंनी एकदम विचारलं.

"चिटणीसबाई. त्या कुणाच्याच नाहीत."

हे मात्र सगळ्यांना पटलं. अंमलबजावणी आजच्याच सभेपासून, असं ठरलं आणि गाणं वाजवायचं यंत्र बाईंच्या टेबलावर आलं.

मत द्यायची इथली पद्धत उभं राहण्याची. पूर्वी हात वर करत. पण टायरशेठ चहासाठी हात वर करायचे आणि एकदा त्यांच्या चहापायी पाणीपट्टी वाढली होती. तेव्हापासून संमती असेल त्याने उभं राहायचं, बाईंनी मोजायचं.

पुढचे नऊ विषय वीस मिनिटांत उरकले. "अकरा," गुरुजी म्हणाले, आणि लगेच पिशव्या आवरल्याचे आवाज येऊ लागले.

"पुढच्या सभेत घेऊ की," वकीलसाहेब म्हणाले. "एवढी कसली घाई?"

"घाई होते साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर विषय आहे."

कोणीतरी खुदकन हसलं. वकीलसाहेब चिडले. "मग घ्या मत! पाडा आणि मोकळे व्हा."

"संमती असेल त्यांनी उभं राहावं," गुरुजी म्हणाले. कोणी जागचं हललं नाही.

आणि बाईंच्या लक्षात आलं, की राष्ट्रगीत वाजायचं राहिलंय. ठराव आजपासून लागू, आणि हा शेवटचा विषय. हा संपला की सभेत 'मधे' असं काही उरणारच नव्हतं. कर्तव्य ते कर्तव्य. त्यांनी बटण दाबलं.

सतरा खुर्च्या एकदम सरकल्या. आजोबासुद्धा दचकून उठले. माना ताठ, ओठ बंद. बाई स्वतःही उभ्या होत्या, पण त्यांची नजर रांगेवरून फिरत होती, कारण मोजणं हे त्यांचं काम होतं. वेळ होता, म्हणून त्यांनी दोनदा मोजलं.

गीत संपलं. "सतरा," बाई म्हणाल्या. "एकमताने मंजूर."

"ओ बाई!" वकीलसाहेब ओरडले. "आम्ही राष्ट्रगीतासाठी उभे होतो!"

"होतात ना. अध्यक्षांनी मत मागितलेलं होतं, तेव्हाच उभे होतात. कशासाठी, ते विचारा असं नियमात नाही. मोजा एवढंच आहे. हवं तर तुमचं नाव वगळते. 'वकीलसाहेब उभे राहिले नाहीत.' लिहू?"

सज्जात बसलेले दोन वार्ताहर पुढे वाकले.

"असं नका लिहू!"

"मग 'राष्ट्रगीताला उभे होते, बायकांच्या सोयीला नव्हते', असं?"

"तसंही नको!"

"शेठ, तुमचं काय लिहू?"

टायरशेठनी वर सज्जाकडे पाहिलं. "मी सगळ्यालाच उभा होतो."

मग एक नवल घडलं. तीन महिने एकमेकांचं तोंड न बघणारे वकीलसाहेब आणि टायरशेठ खुर्चीला खुर्ची लावून कुजबुजले. वकीलसाहेब घसा साफ करत म्हणाले, "आयत्या वेळचा विषय. राष्ट्रगीत सुरुवातीलाच व्हावं. आणि यंत्र अध्यक्षांकडे असावं."

"अनुमोदन," टायरशेठ म्हणाले. "हे दहाला येतील. मी आणीन त्यांना माझ्या गाडीतून."

"संमती असेल त्यांनी उभं राहावं," गुरुजी म्हणाले.

सतरा जणांनी आधी यंत्राकडे पाहिलं. बाईंनी दोन्ही हात टेबलावर दिसतील असे ठेवले. मगच सगळे उठले.

"हाही एकमताने," बाईंनी लिहिलं.

"आणि तो अकरावा?" वकीलसाहेबांनी हळूच विचारलं.

"तो झाला. रद्द करायचा तर उभं राहून तसं मांडा. नावासकट नोंदवते."

वकीलसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. वर सज्जात पेनांची टोपणं निघाली. वकीलसाहेबांनी विजार झटकली, खुर्ची थोडी मागे घेतली आणि परत बसले.