लेखविषय व्यक्तीचे म्हणणे

इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाने, ज्यांच्यावर लेख आहेत त्या व्यक्ती हयात असल्यास त्यांना उत्तर देण्याची सोय केली आहे. मी हयात आहे. घाटकोपरच्या डोंगरावरच्या पाणीमोर्चाची 'रणरागिणी' म्हणून माझ्यावर लेख असल्याचं सून दिपालीने वाचून दाखवलं. नळ कोरडे पडले तेव्हा मी म्हणे पाणीखात्याच्या साहेबाला खुर्चीसकट उचलून वर आणलं.

"मी नाही गं, पुतळाबाईने. मी नुसती बाजूला उभी."

"पण आई, पेपरात फोटो तुमचा आहे ना!"

फोटो माझाच. "वाटेतून हो रे मेल्या," म्हणत पुतळाबाईने फोटोवाल्याला ढकललं, तो नेमका माझ्यासमोर येऊन थांबला.

मोर्चात माझ्या बरोबरीने असलेली पुतळाबाई आता नाही. निदान तिचं नाव राहावं म्हणून मी खरं काय ते लिहून पाठवलं. लेखात एक वाक्य वाढलं: 'रत्नप्रभाबाई आपले श्रेय नम्रपणे सहकाऱ्यांना देतात.'

मी पुन्हा कळवलं, मी नम्र नाही, शेजाऱ्यांना विचारा. त्यावर 'स्वभाव' हा नवा विभाग उघडला: 'स्पष्टवक्त्या. तथापि स्वतःची स्तुती सहन होत नाही.'

शेवटी संपादक चंद्रप्रकाश यांचाच फोन आला.

"आजी, पुतळाबाईंचा उल्लेख कुठेच सापडत नाही."

"मग घाला की! मी सांगतेय ना?"

"तुम्ही लेखविषय आहात. तटस्थ माणूस लागतो."

"तो साहेब होता की खुर्चीत. त्याला विचारा."

"त्यांच्यावरही लेख आहे. त्यांचंही उत्तर आलंय. ते स्वतःहून पाहणीला गेले होते म्हणतात."

"खुर्ची घेऊन?"

फोन ठेवला गेला.

पुढे इथल्या एका मंडळाने मला निगर्वीपणाबद्दल पुरस्कार दिला. मी माईकवरून ओरडून सांगितलं, "खुर्ची पुतळाबाईने उचलली!" टाळ्या थांबेनात.

खाली उतरले तर पुतळाबाईचा नितेश पाया पडला. डोळे पुसत म्हणाला, "काकी, आई जन्मभर हेच सांगायची, खुर्ची मीच उचलली म्हणून. आम्हाला खरंच वाटायचं. लेख वाचला तेव्हा कळलं, थापा मारायची. तरी तुम्ही चारचौघांत तिची लाज राखलीत."

मी त्याला खूप समजावलं. जितकं समजावलं तितका तो रडला.

वाचताना तुमच्याही मनात आलंच असेल, बाई किती मोठ्या मनाची. म्हणजे तुम्हीही पुतळाबाईला खोटी ठरवलीत.