कपाटाच्या जागी मामी

शिंपीमामांनी वेबसाइट जिंकली होती. निदान त्यांचं तरी तसं म्हणणं होतं. गल्लीतल्या वाचनालयाने रहिवाशांसाठी वेबसाइट काढली, मजकुराला फोटो कसा जोडायचा ते ग्रंथपालबाईंनी एकदा दाखवलं, आणि मामा कोटाचं माप घेता घेता गिऱ्हाइकाला हात वर करायला लावून त्यालाही तेच शिकवू लागले. म्हणायचे, बाहीत हात घालण्याइतकं सोपं आहे.

मामांची रीत साधी. दुकानात एकच पाटी. एकाचं माप लिहायचं, कापड बेतायचं, पाटी पुसायची, पुढच्याचं लिहायचं. वेबसाइटवरही त्यांनी तीच रीत ठेवली. प्रत्येक फोटोचं नाव 'फोटो'. वेबसाइट दरवेळी विचारायची, या नावाचा फोटो आधीच आहे, तो काढून हा ठेवू का? मामा अगदी मनापासून 'हो' म्हणायचे. पुसलेली पाटी पाहिली की त्यांचा जीव कसा हलका होई.

आधी त्यांनी कपाट विकायला काढलं, मग शेगडी. कपाटासाठी फोन करणारे शेगडीविषयी विचारू लागले, तेव्हा मामांनी हळहळून निदान केलं, की लोकांना हल्ली वाचताच येत नाही.

मामींचं दुखणं मात्र निराळं होतं. "कपाट झळकलं, शेगडी झळकली," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "दुकानात त्या बिनडोक्याच्या पुतळ्यालासुद्धा काचेआड जागा आहे. माझा फोटो लावलात कधी कुठे?"

हे मामांच्या जिव्हारी लागलं. त्यात लग्नाचा वाढदिवस तोंडावर, आणि मामींची बहीण 'राहायला ये' म्हणून कधीची मागे लागलेली. मामींची पिशवी माळ्यावरून खाली आलेली मामांनी स्वतः पाहिली होती. ती पिशवी दाराबाहेर पडण्याआधी काहीतरी करायला हवं होतं.

त्यांनी मामींचा एक देखणा फोटो शोधून काढला. खिडकीतलं ऊन केसांवर, टाचणी ओठांत, हसू गालात. खाली लिहिलं : 'मी सुई, ती दोरा. मी टोचत गेलो, ती जोडत गेली.' वेबसाइटने विचारलं, आधीचा काढू का? मामा म्हणाले, हो.

सकाळी पहिला फोन चष्मेवाल्याचा. घरात सगळं ठीक आहे ना, असं त्याने चाचरत विचारलं. मग कुणी अनोळखी बाई, मग बेकरीवाला. शेवटी एकाने विचारलं, बघायला कधी येऊ? मामांना भरून आलं. म्हणाले, "या की केव्हाही. आम्ही दोघं घरीच आहोत."

तो आला. हातगाडी घेऊन आला. दार मामींनी उघडलं.

"नेमकं काय न्यायचंय, ते कळेना," तो बिचारा म्हणाला आणि त्याने मोबाइल पुढे केला.

वर मामी हसत होत्या. खाली मजकूर होता तो मामींनी सावकाश, मोठ्याने वाचला. "जुनं पण भक्कम. उघडलं की कुरकुरतं. जागा फार अडवतं. लवकर घेऊन जावं." मग बोट फिरवून पुढचं वाचलं. तिथेही त्याच हसत होत्या. "लवकर तापते, निवायला फार वेळ लागतो. हात जपावा."

हातगाडीवाला गाडी वळवून गेला. मामांनी पाटीची सगळी हकीकत सांगायला घेतली, पण मामींनी पिशवी उचलली, चप्पल घातली आणि त्या निघाल्या.

मामांनी त्या दिवशी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मेहुणीला फोन करायचा धीर होईना. दिवेलागणीला दार वाजलं, मामी आत आल्या, पिशवीतून वाचनालयाची पुस्तकं काढून त्यांनी फळीवर मांडली आणि म्हणाल्या, "ग्रंथपालबाईंनी शिकवलं मला. खरंच सोपं आहे हो."

मामांनी घाईघाईने वेबसाइट उघडली. दुकानातल्या बाकावर आडवे झालेले, तोंड उघडं, गळ्यात टेप, पोटावर पाटी, असे ते स्वतःच सगळीकडे पसरले होते. कपाटाच्या जागी तेच, शेगडीच्या जागी तेच.

दुसऱ्या दिवशी फोन गप्प. दुपारी मामांनी तो उचलून कानाला लावून पाहिला, चालू होता. संध्याकाळी त्यांना राहवेना.

"अगं, एकाचाही फोन नाही?"

"नाही येणार," मामी म्हणाल्या आणि त्यांच्यापुढे चहा ठेवला. "न्यायला कुणी तयार असतं, तर इतकी वर्षं घरात ठेवलं असतं का?"