मास्तरांचा चारचा पाढा

गावातल्या एका लग्नात भटजींनी माइकवरून जाहीर केलं, "मंडळी, लग्न अगदी मुहूर्तावर लागणार आहे." तोच मांडवाच्या मागच्या टोकाकडून खणखणीत आवाज आला, "किती टक्के?"

सगळा मांडव मागं वळला. नवरदेवसुद्धा वळला. मागं गेनू मास्तर अगदी गंभीर चेहऱ्यानं उभे होते. त्यांना खरंच आकडा हवा होता.

हे मास्तर म्हणजे आमच्या हायस्कूलचे रिटायर झालेले पीटीचे मास्तर. ओतूरहून मढकडं जाताना आमचं गाव लागतं आणि गावात शिरताना पहिलं घर त्यांचं. माझं दुसरं. जन्मभर त्यांनी पोरांना मैदानाभोवती पळवलं. गणिताशी त्यांचा संबंध एवढाच, की मॅट्रिकला त्याच विषयात ते नापास झाले होते. मग गणपतीत पुण्याहून आलेल्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं आम्हाला पोकर शिकवलं, आणि या माणसाला म्हातारपणी गणिताचं वेड लागलं.

खेळ तसा सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मधे पाच पानं सगळ्यांसाठी उघडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचं. या सातांतून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. आम्ही सगळे तीन पत्तीत मुरलेले, त्यामुळं आम्हाला वाटलं, नशिबाचाच मामला आहे. मास्तरांना मात्र साक्षात्कार झाला.

"नशीब गेलं उडत!" ते पडवीत उभे राहून ओरडले. "हे बगा. माज्या हातात दोन बदाम, मदे दोन बदाम. अजून एक आला की पाची बदाम, कलर झाला. एकंदर बदाम तेरा. चार दिसले, ऱ्हायले नऊ. दोन पानं यायची असतील तर चारचा पाढा लावायचा. नऊ चोक छत्तीस. शंभरात छत्तीस चान्स! एकच पान यायचं असंल तर दोनचा पाढा. नऊ दुणे अठरा. हाय का न्हाई गंमत?"

गंमत होतीच. तिसऱ्या इयत्तेतला पाढा असा म्हातारपणी कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं?

तेव्हापासून मास्तरांच्या पडवीत रोज दुपारी डाव बसू लागला. पैसे लावायचे नाहीत हा त्यांचा नियम. सुरुवातीला आम्ही शेंगा लावायचो, पण आमचा शेजारी कोंडीभाऊ विचार करता करता शेंगा फोडून खायचा. एकदा तर मास्तरांनी मोठा डाव जिंकला आणि समोर नुसती टरफलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी फुंकली, कोंडीभाऊला उठून उभं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून चिंचोके आणले.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "निर्णय येगळा, निकाल येगळा." हे मला कळलं ते उसाच्या वाटेवर. एकदा दिवस कलताना आम्ही दोघं शेतातून परतत होतो. दोन्हीकडं डोक्याएवढा ऊस. मी सहज म्हणालो, "मास्तर, आत बिबट्या असंल का हो?"

मास्तर थांबले, हवा हुंगली आणि म्हणाले, "धरा पाच टक्के."

आम्ही पुढं निघालो. लांबच्या वस्तीवर कुत्रं भुंकायला लागलं.

"आता वीस," मास्तर म्हणाले. त्यांची चाल बदलली.

भुंकता भुंकता कुत्रं एकदम गप झालं.

"साठ! पळा!"

आणि ते पळालेसुद्धा! मी त्यांच्याहून कितीतरी लहान, पण गावाच्या वेशीपर्यंत मला त्यांची फक्त पाठ दिसली. शिट्टी वाजवत, धोतर सावरत, जसं काही तालुक्याच्या स्पर्धेत धावतायत. दुसऱ्या दिवशी कळलं, वस्तीवरच्या बाईनं कुत्र्याला भाकरी टाकली होती, म्हणून ते गप झालं होतं. गावभर हसू झालं. मास्तर मात्र ढिम्म.

"बिबट्या नव्हता हा निकाल झाला, राव. पळालो हा निर्णय. निर्णय बरोबर व्हता. उद्या पुन्हा कुत्रं गप झालं, तर पुन्हा पळीन."

यंदा यात्रेच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा मेहुणा शिवराम आला. हा आंबेगाव तालुक्यातल्या पेठचा, बटाट्याचा शेतकरी. मास्तरांच्या बायकोचा, सुशीलाबाईंचा, धाकटा भाऊ. बाईंच्या आजारपणात डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. माहेरची माणसं नको म्हणत होती, औषधांवर घरी न्या म्हणत होती. मास्तरांनी ऑपरेशनला होकार दिला. बाई त्यातून उठल्या नाहीत. तेराव्याला शिवराम चारचौघांत बोलला होता, "दाजीनं माज्या आक्काला घालवली." त्यानंतर शिवराम यायचा तो फक्त देवाला. दाजींच्या दारात बटाट्याचं पोतं ठेवायचा, उभ्या उभ्या पाणी प्यायचा आणि जायचा.

यंदा मात्र पडवीतला आरडाओरडा ऐकून तो थबकला. कोंडीभाऊनं त्याला हाताला धरून बसवलं. "या पावणं, लई भारी खेळ हाय!"

दोन डावांत खेळ शिकून शिवराम खेळू लागला आणि डावाला रंग चढला. मास्तर हिशेबानं खेळायचे, शिवराम रागानं. दाजींनी दहा चिंचोके लावले की हा वीस लावणार. मी आणि कोंडीभाऊ पानं टाकून बघतच बसलो.

मग तो डाव आला. मधे एक्का, सत्ती, अठ्ठी उघडली. चौथं पान दुर्री. शिवरामनं आपला सगळा ढीग पुढं लोटला. "घ्या दाजी! दम असंल तर या!"

मास्तरांनी क्षणभर त्याच्याकडं पाहिलं आणि तेवढाच ढीग पुढं सारला. आता लावायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोघांनी पानं उघडली. मास्तरांच्या हातात दोन एक्के, म्हणजे मधला धरून तीन एक्के! शिवरामच्या हातात नुसता गुलाम आणि दश्शी. चक्क थाप मारली होती त्यानं.

मास्तर आनंदानं अर्धे उठले. "तुला आता फक्त नव्वी वाचवंल! सत्ती-अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम, पाची वळीनं लागली की तीन एक्क्यांना भारी. गड्डीत नव्व्या चार. चार दुणे आठ. शंभरात आठ चान्स!"

कोंडीभाऊनं शेवटचं पान उलटलं. चौकटची नव्वी!

पडवीत नुसता कल्ला. कोंडीभाऊ नाचायला लागला. मी डोक्याला हात लावला. आणि मास्तर? मास्तर मांडीवर थाप मारून हसत होते.

शिवराम बावचळला. "दाजी, तुमी हरला. हसताय काय?"

"बरोबर खेळून हरलो, म्हनून."

"हारल्यावर बरोबर कसलं?"

"शेवटचं पान झाकलेलं असताना मी काय चुकलो, तेवढं सांग."

शिवरामनं पानांकडं पाहिलं. "काय न्हाई चुकला."

"हाच डाव परत आला, तर मी काय करावं?"

"हेच करावं."

एवढं बोलला आणि शिवराम थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. कोंडीभाऊसुद्धा खाली बसला. शिवराम हळू आवाजात म्हणाला, "दाजी, आक्काच्या टायमाला डाक्टर काय म्हनले व्हते? मी कदी इचारलंच न्हाई."

मास्तर पानं गोळा करू लागले. "न्हाई केलं तर थोडंच दिस हायेत म्हनले. केलं तर वाचायचा चान्स जास्त हाय म्हनले. तिनं माज्याकडं बगितलं. म्हनली, तुमी म्हनाल तसं."

"मग बरोबरच केलं की, दाजी."

मास्तरांचे हात थांबले. डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसले नाहीत. म्हणाले, "मी मला लई येळा सांगितलं, शिवा. पन हे दुसऱ्या कुनीतरी म्हनायला पायजे व्हतं."

शिवराम उठला आणि सतरंजीवर त्यांच्याजवळ, अगदी खांद्याला खांदा लागेल असा जाऊन बसला. मी कोंडीभाऊला खूण केली. आम्ही दोघं उठलो. चपला घालत होतो तेव्हा मागून शिवरामचा आवाज आला.

"आक्का असती तर आज तिनं आपल्या दोघांला बी हरवलं असतं. ल्हानपनी पानं मांडीखाली लपवायची. लई लबाड."

"लगीन झाल्यावर बी लपवायची," मास्तर म्हणाले.

"मग तुमी धरलं न्हाई कदी?"

"कशाला धरायचं? जिंकली की इतकी झ्याक हसायची."