कुंदाताईंचं वाण

आमच्या नया बाजारच्या गल्लीत माणसांच्या दोनच जाती आहेत. काहीतरी बनवणारे ते कोडिंग आणि नुसते बसणारे ते नॉन-कोडिंग. ही वाटणी शेजारच्या कुंदाताई मोहित्यांची. त्या एकट्या राहतात, कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लाँग नॉन-कोडिंग आरएनए काय उद्योग करतो, यावर संशोधन करतात. मी निवृत्त बँकवाला, दिवसभर ओट्यावर. अर्थातच नॉन-कोडिंग.

"रागावू नका हं, अरुणराव," त्या म्हणतात. "हा आरएनए प्रोटीन बनवत नाही, म्हणून पहिले लोक त्याला कचराच समजत होते. पण दुसऱ्या जनुकांना चूप बसवणं, बोलतं करणं, सगळ्यात याचा हात! मतलब सासू. स्वतः पोळी लाटत नाही, पण घरात कोण किती बोलेल ते तीच ठरवते. आता तिनं पेशीच्या चौकीदारालाच चूप बसवलं, तर? घुसला ना कॅन्सर!"

एकदा हेच व्याख्यान त्यांनी महाराज बाड्याच्या भर चौकात कचोरीच्या गाडीपाशी दिलं. 'गर्भाशयमुख' इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की माझी कचोरी चटणीत पडली. कचोरीवाला मात्र मन लावून ऐकत होता. "तो सास को समझाओ, बहनजी," त्यानं तोडगा काढला.

"वही तो कर रही हूँ, भैया!" म्हणत कुंदाताईंनी खुशीत आणखी दोन कचोऱ्या घेतल्या.

यंदा संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू ठेवलं. लग्न न झालेली बाई हळदीकुंकू करते म्हणून गल्लीत कुजबुज झाली, आणि कुजबुजणाऱ्याच सगळ्यांत आधी जाऊन बसल्या. तिळगूळ झाला, तिळाची खुसखुशीत गजक झाली. मग भिंतीपलीकडून मला घोषणा ऐकू आली, "वाणात डबे-बिबे नाहीत! मंगळवारी ई-रिक्षा येतील. बसायचं आणि दवाखान्यात कॅन्सरची तपासणी करवून यायची. माझ्या संशोधनातून औषध निघेल तेव्हा निघेल. तोपर्यंत काय बसून राहायचं?"

माझी बायको सुनंदा ही तपासणी घाबरून वर्षानुवर्षं टाळत होती. मी सांगून सांगून थकलो होतो. पण वाण परत कसं करणार? मंगळवारी ठेवणीतली साडी नेसून रिक्षात बसली. मी मागच्या रिक्षात.

कुंदाताई सगळ्यांच्या पर्सा मांडीवर घेऊन बाहेर बसल्या. आत जाणारीला म्हणायच्या, "मी बसलीय ना इथे!" सुनंदा हसतच बाहेर आली. "झालंसुद्धा! ताई, तुमची कधी झाली?"

कुंदाताई एका पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळू लागल्या. "माझी राहूनच गेली."

"तुम्हाला कसली भीती?"

"तपासणीची नाही गं. पण रिपोर्ट घेऊन घरी आलं, की सांगायचं कुणाला? म्हणून टाळून दिलं."

सुनंदानं पर्सा उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि ताईंचा हात धरून त्यांना आत नेलं.

रिपोर्ट आले त्या संध्याकाळी कुंदाताई कॉलेजातून परतल्या, तेव्हा सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत बसली होती. आमच्याकडे असलेल्या किल्लीनं दार उघडून चहा सुनंदानंच टाकला होता. ताईंनी पाकीट उघडलं आणि रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं ठीक होतं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग कुणी म्हटलं नव्हतं, तरी त्यांनी तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला.